सकळ लिपीची किल्ली आणि कूटलेखनाचे आयुष्य

महानुभावीय वाङ्मयाच्या इतिहासांत एक विधान वारंवार पुनरुक्त झालेले आढळते. हे वाङ्मय सांकेतिक लिपीत बद्ध असल्यामुळे पाच-सहा शतके उर्वरित महाराष्ट्रास अज्ञात राहिले, असे ते विधान होय. दुसरे एक विधान गेल्या काही वर्षांत संगणकविद्येवरील मराठी लेखनात रूढ होऊ लागले आहे. क्वांटम संगणक सिद्ध होताच आजची सर्व गुप्त पत्रे क्षणार्धात उघडी पडतील, सबब नव्या अभेद्य पद्धतीचा अंगीकार त्वरित करावा, असा त्याचा आशय असतो. पहिले विधान वाङ्मयेतिहासकारांचे आहे आणि दुसरे तंत्रज्ञांचे. दोन्ही वर्गांना एकमेकांच्या लेखनाची वार्ता नाही. तथापि दोहोंच्या मुळाशी एकच गृहीतकृत्य आहे. गुप्तता ही लेखनपद्धतीच्या रचनेत वास करते, रचना बळकट असेल तितका काळ मजकूर झाकलेला राहतो, आणि रचना मोडली की तो उघडतो, असे ते गृहीतकृत्य. ते कितपत टिकते हे तपासण्यास सकळ लिपीइतके सोयीचे उदाहरण मराठीत दुसरे नाही, कारण येथे एका कूटलेखनाचे जन्मापासून उकलीपर्यंतचे संपूर्ण आयुष्य अभ्यासकांसमोर आहे.

या दोन्ही विधानांचा विषय एका रस्त्यावर येऊन भेटतो, हा योगायोग म्हणावा लागेल. छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाताना वाटेत बिडकीन लागते. पुढचे पैठण म्हणजे लीळाचरित्रातील प्रतिष्ठान; श्रीचक्रधरांच्या चरित्राचा एकांक संपून पूर्वार्ध सुरू होतो तो तेथे, आणि बाइसांचे वास्तव्यही तेथलेच. अलीकडे बिडकीन ओळखले जाते ते मात्र दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यातील नव्या नगरीमुळे. शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे १०,००० एकरांवर वसवली जाणारी ही ‘ऑरिक’ नगरी असून तिचा बिडकीन विभाग २९ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्रास अर्पण करण्यात आला. अशा नगरीचा सारा व्यवहार, म्हणजे जमिनीचे करार, कारखान्यांचे आराखडे, कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी, तारेवरून जातो आणि जाताना कूटबद्ध होऊन जातो. सातशे वर्षांपूर्वीचे आणि आजचे कूटलेखन यांत पन्नास किलोमीटरांचेही अंतर नाही.

प्रथम परिभाषेचा एक दोष दूर केला पाहिजे. सकळ, सुंदरी, अंक, शून्य, वज्र, सुभद्रा, कवीश्वरी इत्यादी महानुभावीय संकेतांना सर्रास ‘लिपी’ म्हटले जाते. पंथाचा तो शब्द असल्याने त्यास आक्षेप घेण्याचे कारण नाही. पण भाषाशास्त्राच्या दृष्टीने तो दिशाभूल करणारा आहे. लिपी म्हणजे ध्वनी व चिन्ह यांमधील समाजमान्य संबंध. मोडी ही लिपी आहे, कारण ती शिकण्यास कोणासही प्रतिबंध नव्हता. सकळ संकेतात आधीच रूढ असलेला हा संबंध जाणूनबुजून विस्कळीत केला जातो. एका अक्षराच्या जागी दुसरे येते, आणि नित्य लागणाऱ्या काही शब्दांसाठी संक्षेप योजलेले असतात. म्हणून ते लिपीवर चढवलेले कूट आहे. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांमधील ‘म्लेच्छितविकल्प’ ही कला याच जातीची. तिच्यावरील जयमंगला टीकेत वर्णांच्या जोड्या लावून त्यांची अदलाबदल करण्याची रीत दिली आहे. मराठी घरांतील मुले ‘चची भाषा’ बोलतात तीही याच कुळातील, फक्त तेथे अदलाबदल न होता वर्णांची जागा हलते. ‘बिडकीन’चे ‘चडकीनबि’ होते. मूल ही भाषा एका दुपारी शिकते आणि दुसऱ्या दुपारी आजी ती ओळखते, हा अनुभव कूटलेखनाच्या अभ्यासकाने विसरू नये.

सकळ लिपीची योजना रवळोबासांची, असे परंपरा सांगते. सह्याद्रिवर्णनाचे कर्ते तेच. म्हणजे काळ चौदाव्या शतकाच्या मध्याचा. लीळाचरित्राची रचना त्यापूर्वी सुमारे पाऊण शतक, १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांच्या हातून झाली होती. या दोन घटनांच्या मध्ये एक मोठा विरोधाभास उभा आहे आणि वाङ्मयेतिहासकारांनी त्याच्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. केशवराज सूरींनी संस्कृतात लिहू नये, लिहिल्यास पंथातील म्हाताऱ्या स्त्रिया ज्ञानास मुकतील, असे नागदेवाचार्यांनी बजावल्याची आठवण स्मृतिस्थळात आहे. पंडितांची भाषा बाजूस सारून बायाबापड्यांची भाषा स्वीकारणाऱ्या पंथाने पुढील दोन-तीन पिढ्यांत त्याच भाषेवर कूटाचे आवरण चढवावे, हे कसे? धर्मांतर, परचक्र, अनधिकाऱ्यांपासून संरक्षण अशी नाना कारणे पुढे केली जातात आणि त्या प्रत्येकात काही तथ्य असेल. परंतु नीट पाहता विरोध दिसतो तितका नाही. भाषा खुली ठेवावयाची ती पंथात आलेल्यांसाठी, आणि अक्षर बंद करावयाचे ते पंथाबाहेरील वाचकासाठी. श्रवण करणाऱ्या म्हातारीस अक्षराशी कर्तव्यच नव्हते. पोथी वाचून दाखवणारा किल्ली जाणत होता आणि कानावर पडत होती ती शुद्ध मराठी. कूट डोळ्यांपुरते होते. संदेशाच्या दोन्ही टोकांना मजकूर स्पष्ट असावा आणि मधल्या वाटेवर तो झाकलेला असावा, ही जी अपेक्षा आजच्या निरोप-यंत्रणांकडून केली जाते ती या व्यवस्थेत अल्पांशाने पुरी झालेली होती.

आता रचनेच्या बळाचा प्रश्न. कठोर परीक्षेत सकळ लिपी अत्यंत दुर्बळ ठरते. एका अक्षरास सदैव एकच बदली अक्षर असेल तर मूळ भाषेतील वर्णांची वारंवारता जशीच्या तशी कूटात उतरते. हे तत्त्व नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदीने लिहून ठेवले होते, म्हणजे सकळ लिपी जन्मण्यापूर्वी पाचशे वर्षे तिची उकल सिद्ध झालेली होती. मराठीत तर उकलणाऱ्याचे काम आणखी सोपे आहे. ज्या संकेतात मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरांची घडण जागच्या जागी राहते तेथे शब्दाचा सांगाडा उघडाच असतो. विभक्तिप्रत्यय शब्दाच्या शेवटी येतात आणि त्यांची संख्या मोजकी असते. त्यात लीळाचरित्राची शैली अशी की सर्वज्ञांनी अमुक सांगितले, गोसावी अमुक ठिकाणी गेले, अशी ठरीव वाक्ये पानोपानी येतात. ठरीव वाक्य हा कूटाचा शत्रू होय. दुसऱ्या महायुद्धात जर्मन यंत्रकूटाचा उलगडा होण्यास हवामानाच्या एकसुरी अहवालांनी हातभार लावला, त्यामागील तत्त्व हेच. थोडी चिकाटी असलेल्या मराठी वाचकास आठवडाभरात सकळ लिपी उकलता आली असती.

ती पाच शतके उकलली गेली नाही, याचे कारण रचनेबाहेर शोधले पाहिजे. पहिले कारण पोथीचा ताबा. पोथ्या मठांत आणि महंतांच्या बासनांत होत्या. परक्याच्या हाती सहसा पडत नव्हत्या. दुसरे कारण अधिक मार्मिक आहे आणि ते शब्दकोशात नोंदलेले आहे. ‘महानुभाव’ या आदरार्थी शब्दाचे लोकभाषेत ‘मानभाव’ झाले, आणि ‘मानभावी’ या विशेषणास दांभिक, वरकरणी साळसूद, असा अर्थ चिकटला. अर्थापकर्षाचे इतके बोलके उदाहरण मराठीत विरळा. ज्या समाजाने पंथाच्या नावाचीच निंदा केली, त्या समाजात त्याच्या पोथ्या वाचण्याची जिज्ञासा कोठून असणार? उकल करण्यास शत्रूला कुतूहल लागते आणि येथे कुतूहलाचीच वाण होती. मोडीचे उदाहरण शेजारी ठेवल्यास हा मुद्दा पूर्ण होतो. पुण्याच्या पेशवे दप्तरातील असंख्य कागद कोणीही लपवलेले नाहीत, तरी आजच्या मराठी वाचकास ते सकळ लिपीइतकेच बंद आहेत. वाचक नाहीसा झाला की लेखन कूट होते. त्यासाठी संकेताची गरज लागत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत स्थिती पालटली. वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांना जिज्ञासा होती, आणि पंथातील काही महंतांनाही आपल्या ग्रंथांविषयीचे गैरसमज दूर व्हावेत असे वाटू लागले होते. पोथ्या बाहेर आल्या आणि कूटाने क्षणभरही प्रतिकार केला नाही. १९२५ मध्ये य. खु. देशपांडे यांचे ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ प्रसिद्ध झाले. पुढील दशकात ह. ना. नेने यांनी लीळाचरित्र छापण्यास घेतले. १९७८ मध्ये वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ती निघाली. सकळ लिपीचे शास्त्रीय वर्णन आय. एम. पी. रेसाइड यांनी १९७० मध्ये लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेच्या नियतकालिकात केले. सबब ‘सांकेतिक लिपीमुळे वाङ्मय अज्ञात राहिले’ हे विधान उलट क्रमाने लिहिले पाहिजे. वाङ्मय अज्ञात राहिले म्हणून सांकेतिक लिपी टिकली.

या निष्कर्षाचा आजच्या प्रश्नाशी संबंध थेट आहे. सकळ लिपीस ज्या दोन आधारांनी तारले ते दोन्ही आजच्या कूटबद्ध संदेशास उपलब्ध नाहीत. बिडकीनच्या कारखान्यातून परदेशातील मुख्य कचेरीस गेलेला आराखडा अनेक यंत्रांतून आणि समुद्राखालील तारांतून प्रवास करतो. वाटेत त्याची प्रत कोणी काढून ठेवली तर पाठवणाऱ्यास ते कळण्याचा मार्ग नाही, आणि साठवण आता इतकी स्वस्त आहे की काय साठवावे याची निवड करण्याचीही गरज उरलेली नाही. पोथी परक्याच्या बासनात पहिल्याच दिवशी जाऊन बसते. कुतूहलाविषयी तर बोलावयासच नको. उरतो तो केवळ तिसरा आधार, रचनेचे बळ. आणि पूर्वीच्या युगात जो सर्वांत दुबळा होता त्याच्यावर या युगाने सारा भार टाकला आहे.

‘आज साठवावे, उद्या उकलावे’ ही नीती काल्पनिक नव्हे. सोव्हिएत दूतावासांच्या दुसऱ्या महायुद्धकाळातील तारा अमेरिकेने जमवल्या आणि १९४३ मध्ये त्यांच्या उकलीचे ‘व्हेनोना’ या नावाने पुढे प्रसिद्धीस आलेले काम सुरू केले. ते १९८० पर्यंत चालू होते. वापरलेली पद्धत तत्त्वतः निर्दोष होती: प्रत्येक पान एकदाच वापरावयाचे. १९४२ च्या धांदलीत काही पानांच्या दुहेरी प्रती निघाल्या आणि त्या पानांवरून गेलेले संदेश पुढे काही अंशी वाचले गेले. प्रेषकांपैकी कित्येकांची कारकीर्द तोवर संपलेली होती. १९४२ मधील चूक पुढे दुरुस्त झाली तरी तिचा उपयोग आधीच गेलेल्या संदेशांना नव्हता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

रचनेच्या बळाविषयीची भाकिते किती बेभरवशाची असतात याचाही एक प्रसिद्ध दाखला आहे. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे आणि त्या गुणाकारावरून त्या संख्या शोधणे दुष्कर, या विषमतेवर रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ मध्ये आपली पद्धत उभारली. त्याच वर्षी मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरातून १२९ अंकी संख्येचे एक आव्हान प्रसिद्ध केले. ती फोडण्यास चारावर सोळा शून्ये इतकी वर्षे लागतील असा अंदाज त्या वेळी देण्यात आला होता. एप्रिल १९९४ मध्ये सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी आपापली यंत्रे जोडून ती फोडली. लागली सतरा वर्षे. यात क्वांटम संगणकाचा काहीही भाग नव्हता. गणिती रीती सुधारल्या आणि यंत्रे स्वस्त झाली, इतकेच.

योगायोग असा की त्याच १९९४ मध्ये पीटर शोर यांनी दाखवले की क्वांटम संगणकास ही विषमता मुळातच लागू नाही. शोर यांच्या रीतीविषयी मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा सदोष असते. असा संगणक ‘सर्व शक्यता एकाच वेळी तपासतो’ हे वर्णन इतके ढोबळ आहे की त्यावरून तो कोणतेही कुलूप उघडील असा ग्रह व्हावा. वस्तुतः ही रीत फक्त आवर्तन शोधते. १५ ही संख्या घ्यावी. ७ चे घात क्रमाने काढून प्रत्येकास १५ ने भागले तर बाकी ७, ४, १३, १ अशी येते आणि पुन्हा ७ पासून तीच साखळी सुरू होते. चार मात्रांचे हे आवर्तन. त्याच्या अर्ध्यावर, म्हणजे ७ च्या वर्गावर, ४९ येतात. त्याचे दोन शेजारी ४८ आणि ५०. यांचे १५ शी महत्तम साधारण विभाजक अनुक्रमे ३ व ५, आणि तेच १५ चे अवयव. संख्या सहाशे अंकी असेल तर आवर्तन इतके प्रदीर्घ असते की साध्या संगणकास सम सापडतच नाही. क्वांटम संगणकात मात्र या साऱ्या बाक्या तरंगांसारख्या एकमेकांवर पडतात आणि आवर्तनाशी न जुळणाऱ्या बहुतेक परस्परांना पुसून टाकतात. ताल ऐकणारा जाणकार प्रत्येक मात्रा मोजत बसत नाही, समेची जागा त्यास जाणवते. उपमा अपुरी आहे, पण ‘सर्व शक्यता’ या वर्णनाइतकी खोटी नाही.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. ज्या पद्धतींच्या पोटात असे आवर्तन दडलेले आहे त्याच या रीतीपुढे कोसळतात. किल्लीच्या देवघेवीच्या आणि स्वाक्षरीच्या आजवरच्या बहुतेक सार्वजनिक पद्धती दुर्दैवाने त्याच वर्गातल्या आहेत. दोन्ही पक्षांना ठाऊक असलेल्या एकाच किल्लीने मजकूर झाकणाऱ्या पद्धतींवर लव्ह ग्रोव्हर यांची १९९६ ची रीत चालते, परंतु तिने किल्लीची परिणामी लांबी फार तर निम्मी होते. २५६ बिटांची किल्ली असल्यास चिंतेचे कारण नाही. अर्थात ‘सर्व गुप्त पत्रे उघडी पडतील’ हे विधान चुकीचे आहे. कपाट शाबूत राहते, कपाटाची किल्ली ज्या डबीतून पाठवली ती डबी फुटते. पण ती डबीही प्रत काढणाऱ्याने जपून ठेवली असेल तर फरक शब्दांचाच उरतो.

असे यंत्र केव्हा होणार, यावर बरीच शाई खर्च होते. २०४८ बिटांची, म्हणजे ६१७ अंकी संख्या आठ तासांत फोडण्यास सुमारे दोन कोटी सदोष क्युबिट लागतील, असे गिडनी आणि एकेरो यांचे २०१९ मधील गणित होते. २०२५ च्या मे महिन्यात गिडनी यांनीच ती संख्या दहा लाखांच्या आत आणली. अवधी आठवड्याहून कमी. आजची यंत्रे या संख्येच्या फार अलीकडे आहेत. तथापि सहा वर्षांत गरज वीसपटीने घटली ती यंत्रांमुळे नव्हे, कागदावरील विचारामुळे. वॉटर्लू येथील मिकेले मोस्का यांनी या काळगणनेस एक साधे रूप दिले आहे: मजकूर जितकी वर्षे गुप्त राहावयास हवा, त्यात नव्या पद्धतीकडे वळण्यास लागणारी वर्षे मिळवावीत, ही बेरीज यंत्र येण्याच्या अवधीपेक्षा अधिक असेल तर उशीर झालेलाच आहे. यंत्राची तारीख कोणासही सांगता येत नाही. पहिल्या दोन संख्या मात्र ज्याच्या त्याच्या हातात असतात, आणि त्यांचाच हिशेब कोणी मांडत नाही. महाराष्ट्रातील औद्योगिक भूखंडाचा पट्टा सामान्यतः ९५ वर्षांचा असतो. कामगाराच्या आरोग्याची नोंद त्याच्या हयातीइतकी तरी खासगी राहिली पाहिजे. कारखान्याच्या निविदेचे मोल मात्र महिनाभरात संपते. या तिघांना एकच कुलूप लावणे यात काटकसर असेल, विचार नाही.

येथे ‘कूट’ या शब्दाकडे पुन्हा वळणे प्राप्त आहे. आधुनिक मराठीने तो गुप्तलेखनासाठी निवडला; परंतु धर्मशास्त्रात त्याचा रूढ अर्थ ‘खोटे, बनावट’ असा आहे. कूटसाक्षी म्हणजे खोटा साक्षीदार, कूटशासन म्हणजे बनावट राजशासन. ते रचणाऱ्यास मनुस्मृतीने कठोर दंड सांगितला आहे. एकाच शब्दात झाकणे आणि बनावट करणे हे दोन्ही अर्थ नांदावेत हे भाषेचे शहाणपण की अपघात, हा वेगळा विषय. प्रस्तुत प्रश्नात मात्र ते दोन्ही एकत्रच येतात. शोर यांच्या रीतीने जशी किल्लीची डबी फुटते तशीच अंकीय स्वाक्षरीही बनावट करता येते. रामचंद्र यादवाचा शके ११९३ चा ताम्रपट पैठणास सापडला. अशा ताम्रपटांचा खरेपणा अभिलेखतज्ज्ञ अक्षरवळण, भाषा, मुद्रा, कालगणना यांवरून पारखतात. बनावट ताम्रपटांची एक स्वतंत्र यादी होईल इतके ते सापडले आहेत, आणि ते ओळखू येतात कारण तांब्यावर काळाचा व हाताचा ठसा राहतो. महाराष्ट्रात २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचा सातबारा मिळतो. अंकीय दस्ताला वय नसते. उद्या स्वाक्षरीची किल्ली कोणी काढली तर आजच्या तारखेचा उतारा तो उद्या तयार करील आणि दोहोंचे अक्षरवळण एकच असेल.

दस्ताच्या बाबतीत मात्र उपाय आहे, जो गुप्ततेच्या बाबतीत नाही. गेलेला संदेश परत झाकता येत नाही. खरा दस्त मात्र जुनी स्वाक्षरी मोडण्यापूर्वी नव्या पद्धतीने पुन्हा मुद्रांकित करता येतो. जळालेली शासने पुन्हा कोरून देण्याचा प्रघात जुनाच आहे. कामरूपाच्या भास्करवर्म्याने सातव्या शतकात दिलेला निधनपूरचा ताम्रपट तशाच प्रसंगी निघाला. ज्या प्रदेशात हजारो एकर शेती नुकतीच उद्योगाकडे गेली, तेथे मूळ धारकाच्या पुढील पिढीस आपला हक्क किंवा मोबदला सिद्ध करण्यास कोणता कागद हाती उरेल, हा प्रश्न गुप्ततेहून निकडीचा मानला पाहिजे. त्यावर चर्चा जवळजवळ नाही. कारण उघड आहे. गुप्ततेची चाड कंपन्यांना असते, दस्ताची गरज धारकाला.

आता नव्या पद्धतींविषयी. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१६ मध्ये आवाहन करून जगभरातून प्रस्ताव मागवले आणि १३ ऑगस्ट २०२४ रोजी तीन मानके प्रसिद्ध केली. त्यांपैकी दोन जालकांच्या गणितावर उभी आहेत: अनेक मितींच्या जाळीत एका बिंदूस सर्वांत जवळचा जालबिंदू कोणता हे सांगणे, अथवा थोडीथोडी चूक मुद्दाम मिसळलेल्या समीकरणांतून मूळ संख्या काढणे, हे काम दुष्कर आहे या समजुतीवर. या रचनांत शोर यांच्या रीतीस धरता येईल असे आवर्तन अद्याप कोणास सापडलेले नाही. तिसरे मानक केवळ संक्षेपफलांवर आधारलेली स्वाक्षरी आहे. ‘सिग्नल’ने सप्टेंबर २०२३ मध्ये आणि ‘ॲपल’ने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या निरोप-यंत्रणांत नव्या पद्धतीने किल्लीची देवघेव योजण्याचे जाहीर केले, आणि दोघांनीही जुनी पद्धत टाकून न देता नवी तिच्या जोडीस लावली. हा निर्णय अत्यंत सुज्ञ होय. त्याचे कारण २०२२ च्या उन्हाळ्यात घडलेल्या प्रसंगात आहे. त्याच स्पर्धेत बराच पुढे आलेला ‘साइक’ हा प्रस्ताव लूव्हें येथील कास्ट्रिक आणि डेक्रू यांनी सुमारे एका तासात मोडला, तोही साध्या संगणकाच्या एका प्रक्रियाकावर. आणि त्यासाठी वापरलेले शुद्ध गणितातील प्रमेय १९९७ पासून छापील स्वरूपात उपलब्ध होते. क्वांटम हल्ल्यास तोंड देण्यासाठी घडवलेली रचना सामान्य हल्ल्यानेच पडली. तेव्हा ‘अभेद्य’ हे विशेषण कोणत्याही पद्धतीस लावणे हा भाषेचा अपवापर आहे. फार तर ‘अद्याप अभिन्न’ म्हणता येईल. केंद्र शासनाने १९ एप्रिल २०२३ रोजी मंजूर केलेल्या ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम अभियानात किल्ली प्रकाशकणांच्या साहाय्याने पोचवण्याच्या योजनेचाही अंतर्भाव आहे. ती मोलाची असली तरी तिला स्वतंत्र साधने लागतात आणि पलीकडचा पक्ष खरा कोण हे ती सांगत नाही. तालुक्याच्या कचेरीचा प्रश्न तिने सुटत नाही.

सकळ लिपीचा दाखला एका ठिकाणी मात्र अपुरा पडतो आणि तेथे भाषाभ्यासकाने आपला स्वार्थ ओळखला पाहिजे. त्या कूटाचे अपयश हा मराठी भाषेचा लाभ ठरला. तेराव्या शतकातील बोलती मराठी, तिची क्रियापदे, शिव्या, खाद्यपदार्थांची नावे, स्त्रियांच्या बोलण्याची लकब हे सारे उपलब्ध झाले, कारण रवळोबासांची रचना दुर्बळ होती आणि किल्ली जाणणारी परंपरा सहा शतके जिवंत राहिली. पंथ पंजाबात गेला, पेशावर-काबूलपर्यंत त्याचे मठ होते; तेथील ज्या अनुयायांच्या घरी मराठी बोलली जात नव्हती त्यांनीही या पोथ्या आणि त्यांची अक्षरे जतन केली. पूर्वार्ध-उत्तरार्धाच्या मूळ प्रती परचक्रात हरवल्या आणि आठवणीतून पुन्हा लिहिल्या गेल्या, असे परंपरा मानते. पाठभेद त्यातूनच निघाले. म्हणजे मजकुराचे रक्षण कूटाने केले नाही, स्मरणाने केले.

आजच्या पद्धतीत या स्मरणास स्थान नाही. तेथे किल्ली प्रत्येक संभाषणापुरती जन्मते आणि संपताच पुसली जाते. सुरक्षिततेच्या दृष्टीने तेच इष्ट आहे, आणि कामगाराच्या रुग्णपत्रिकेबाबत त्यास कोणी हरकत घेणार नाही. परंतु नगरी वसवताना झालेला पत्रव्यवहार, जमिनीच्या वाटाघाटी, बिडकीन परिसरातील शेतकऱ्याने मुलास पाठवलेले निरोप हे सारे ज्या बोलीत लिहिले गेले ती बोली पुढील संशोधकास कोठे भेटणार? परक्याच्या साठ्यात त्याची कूटबद्ध प्रत असेल. नवे मानक यशस्वी झाले तर ती कधीच वाचता येणार नाही. जुन्याच पद्धतीने गेली असेल तर एखाद्या दूरच्या देशातील कचेरीस ती पैठणच्या वाचकाआधी वाचता येईल. अमेरिकेच्या मानक संस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये मांडलेल्या मसुद्यानुसार जुन्या सार्वजनिक पद्धती २०३५ नंतर वापरता येणार नाहीत. २०२४ मध्ये केलेल्या ९५ वर्षांच्या पट्ट्याची मुदत २११९ मध्ये संपते.